चहात टिकेल असा पाव

नांदेडच्या बसस्टँडवर तुम्ही कधी किनवटच्या गाडीची वाट बघत बसला असाल, तर सोनकांबळे साहेबांना तुम्ही ओळखता. चेहरा आठवणार नाही, आवाज आठवेल. "भोकर, हिमायतनगर, इस्लापूरमार्गे किनवटला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." इथपर्यंत तो आवाज खणखणीत यायचा आणि नेमका आकडा आला की साहेबांना खोकला लागायचा. मग माणसं पिशव्या उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायची. "अर्धं नांदेड म्या पळवलंय, म्हणून तर लोकांच्या तब्येती चांगल्या हायत," असं ते निवृत्तीनंतर मोठ्या अभिमानाने सांगत.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या कॉलनीत राहायला आले, ते थेट आमच्या भिंतीला भिंत लावून. मी पांचाळ, विमा कंपनीत नोकरीला. लोकांना मरणाची भीती घालणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, पण मी स्वतः इतका भित्रा की शेजाऱ्यांच्या पोह्यांत मीठ जास्त झालं तरी 'छान झालेत' म्हणून दुसऱ्यांदा घेणारा. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या वाट्याला परीक्षकाचं काम आलं, आणि इतका नालायक परीक्षक अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

साहेब घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. सकाळी हात मागे बांधून फाटकात उभे राहत आणि कोण किती वाजता घराबाहेर पडतंय ते बघत. "जयभीम, पांचाळ सायेब. आज धा मिन्टं लेट." माझ्या कचेरीत माझ्या वेळेवर कुणाचंच लक्ष नव्हतं, ती उणीव साहेबांनी भरून काढली. त्यांची सगळी भाषा बसस्टँडची. पाहुणे आले की 'जादा गाडी'. जेवण उरकलं की 'गाडी डेपोत'. एकदा माझी बायको माहेरी निघाली आणि रिक्षात बसताना रुसून पुन्हा घरात आली, तेव्हा साहेबांनी फाटकातूनच मला विचारलं, "काहून, मार्ग बदलला का?" मी हसलो. बायको हसली नाही.

त्यांच्या पत्नी सुमनबाई. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून साऱ्या कॉलनीच्या सिस्टर. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दिलेलं इंजेक्शन कळायचं नाही, आणि मारलेला टोमणाही घरी गेल्यावरच कळायचा. नवऱ्याला त्या, स्टँडवरच्या जुन्या हुद्द्यावरून, 'कंट्रोलर' म्हणत. ज्यांच्या एका हाळीने ड्रायव्हर लोक चहाचे ग्लास अर्धे टाकून उठायचे, ते साहेब सिस्टरच्या हलक्या "ओ कंट्रोलर" सरशी एका पायात चप्पल घालून हजर होत.

सिस्टरचा एकच शौक होता. चार वाजताचा चहा आणि त्यात बुडवलेला पाव. पाव कडेला धरायचा, चहात सोडायचा, आणि आता तो तुटून पडणार अशा नेमक्या क्षणी उचलून तोंडात टाकायचा. मी कितीदा तरी तसं करायला गेलो आणि शर्ट धुवायला टाकला. एकदा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला पावाचं एवढं काय?

"इस्लापूरला लहानपणी माय शिळी भाकर चहात कुस्करून द्यायची," त्या म्हणाल्या. "बिनदुधाचा चहा. भावंडं लई, भाकर थोडी. कुस्करली की जास्त दिसती. मग मला नोकरी लागली. पहिला पगार झाला तवा म्या सोताच्या पैशानं पाव घेतला आन् डुटीवर खुर्चीत बसून एकटीनं खाल्ला. तवापासून चार वाजता पाव."

एवढं बोलून त्यांनी कप विसळायला नेला. एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग त्या आजारी पडल्या. पोट बिघडायचं, रक्त कमी, अंगाला काही लागेना. त्यांना दवाखान्यात न्यायला माझी गाडी काढली, तेव्हा साहेबांनी आणि मी त्यांना धरून बसवलं. हाताला वजनच लागलं नाही. एरवी लोकांना घाबरवणारा मी, त्या दिवशी मनापासून घाबरलो. तपासण्या झाल्या. आतड्याला गहू सोसत नाही, असं निघालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, गव्हाचा कण नको, जन्मभर नको, नाहीतर हे असंच खालावत जाईल.

कॉलनीला हे ऐकून हायसंच वाटलं. गहूच ना? आपण तर ज्वारीवर वाढलेली माणसं. सगळ्यांनी सल्ले दिले आणि सल्ल्याच्या बाबतीत मी कधी मागे नसतो. मी त्यांच्या घरी जाऊन, पाय पसरून, म्हणालो, "सिस्टर, यात काय अवघड आहे? भाकरी खायची. आता तर मोठमोठ्या शहरांत लोक हौसेने भाकरी खातात."

"भाकर मी दुपारी खाते, पांचाळ साहेब. रात्री बी खाते," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "चार वाजता न्हाई खाणार. चहात भाकर कुस्करायचे दिवस मी मागं टाकून आले."

मी पाय जवळ घेतले.

पुढचे काही आठवडे बरे गेले असं आम्हाला वाटत होतं. मग एके सकाळी मी वीस मिनिटं उशिरा बाहेर पडलो आणि साहेब फाटकात असूनही काही बोलले नाहीत. मी मुद्दाम गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. तरी नाही. तेव्हा मी उतरून त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी मूठ उघडली. मुठीत टोस्टचा चुरा होता. सिस्टरची चादर झटकताना उशीखाली सापडलेला.

"ती चोरून खाऊन राहिली, सायेब," ते म्हणाले. "मागितलं असतं तर म्या न्हाई म्हणलो असतो, म्हणून चोरून. आजपावतर तिनं माझ्यापासून काई लपवलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. अर्ध्या नांदेडला पळवणारा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी मूठ बंद केली आणि म्हणाले, "तिला वरडून उपेग न्हाई. घरीच ब्रेड करावा लागतोय. बिनगव्हाचा. चहात टिकेल असा."

साहेबांनी त्या वयापर्यंत चहासुद्धा केलेला नव्हता.

त्यांची मुलगी वैशाली लातूरला कॉलेजात शिकवते. तिने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक प्रसन्न बाई पीठ जवळजवळ न वापरता, नुसता सुकामेवा आणि बिया घालून ब्रेड भाजत होती. साहेबांनी चष्मा लावून साहित्य मोठ्याने वाचलं. बदाम, शेंगदाणे, जवस, तीळ, कारळं, भोपळ्याच्या बिया. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "सायेब, ह्या तर समद्या चटण्या हायत!"

खरंच होतं. आमच्याकडे कुठल्याही घरात या वस्तू असतात, पण असतात त्या चटणीच्या फळीवर. त्यांचा ब्रेड होतो हे ऐकून माझ्या बायकोने मला ताप आलाय का ते हात लावून बघितलं.

पहिली गाडी कुकरमध्ये लागली. ओव्हन तेव्हा नव्हता. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, रबर आणि शिट्टी काढून त्यात डबा ठेवायचा, असं वैशालीने नीट समजावून सांगितलं होतं. साहेबांनी ना रबर काढलं, ना शिट्टी. "शिट्टीबिगर गाडी सुटली, असं माझ्या नोकरीत कधी झालं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. शिट्टी झाली नाही ती नाहीच. रबर मात्र जळलं, आणि तो वास आमच्या घरातल्या पडद्यांना दिवाळीपर्यंत येत होता. त्यानंतर वैशालीने लातूरहून ओव्हनच पाठवून दिला.

ओव्हन आल्यापासून दर रविवारी चार वाजता चहाची परीक्षा ठरली. परीक्षा अशी, की ब्रेडचा काप सिस्टरच्या कपात बुडवायचा आणि तो सबंध बाहेर येतो का ते बघायचं. साहेब घड्याळाचं मनगट उलटं करून उभे राहत. काप आत जाई, क्षणभर दिसे, आणि तळाला जाऊन बसे. साहेब म्हणत, "अपघात." सिस्टर चमचा घेत आणि तळाचा लगदा खात. परीक्षक म्हणून मला बोलावलेलं असे. माझ्या ताटलीत कोरडा काप येई. पहिल्याच रविवारी त्यातल्या एका अखंड बदामाने माझी उजवीकडची दाढ फुटली. "कसा हाय?" साहेबांनी विचारलं. मी गालाला हात लावून म्हणालो, "वेगळा आहे." दाढेवर आता कॅप आहे, आणि 'वेगळा आहे' हे वाक्य माझ्या घरात अजून माझ्याविरुद्ध वापरलं जातं.

एका रविवारी तर कमालच झाली. जवस दळून घालायचा होता. साहेबांना फळीवर दळलेल्या जवसाची बरणी आयतीच सापडली. त्यांनी ती अख्खी ओतली. ती जवसाची चटणी होती. लसूण, लाल तिखट, मीठ, सगळं घातलेली, आमच्याकडे जशी लागते तशी झणझणीत. ब्रेड फुगला छान, रंगही सुरेख आला, आणि वासाने कॉलनीतली निम्मी माणसं कुणाकडे जेवण आहे म्हणून बघायला आली. सिस्टरनी तो काप चहात बुडवला, तोंडात घातला, आणि बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग माझी पाळी आली. माझ्या डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफा.

"कसा हाय?"

"थोडा तिखटपणा जाणवतो," मी म्हणालो.

"पांचाळ साहेब," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही मेल्यावर बी म्हणाल, थोडं बरं वाटंना." आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. आजारपण सुरू झाल्यापासून आम्ही त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. साहेब आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि तो ब्रेड शेवटी सगळ्यांनी दह्याबरोबर संपवला.

काप मोडू नये म्हणून मग इसबगोल आलं. भुसा पाण्यात फुगतो आणि सगळं धरून ठेवतो, असं वैशालीने सांगितलं, आणि ते खरंही आहे. तिने सांगितले होते चार-पाच चमचे. साहेबांनी, गाडी घसरू नये म्हणून, डबाच रिकामा केला. नेमकी त्या संध्याकाळी कॉलनीची पाण्याच्या टाकीसंबंधी बैठक होती आणि साहेबांनी ब्रेड तिथे वाटला. दुसऱ्या दिवशी कॉलनीत टाकीतलं पाणी किती लागलं ते विचारू नका. मला त्या सकाळी कचेरीत आमच्या वरिष्ठांसमोर स्वागताचं भाषण करायचं होतं. हप्त्यांच्या धंद्यात माझी हयात गेली, पण भाषण हप्त्याहप्त्याने करण्याची वेळ माझ्यावर तेव्हाच आली. वरिष्ठांना वाटलं, मी भावनावश होऊन बाहेर जातोय. नंतर त्यांनी माझा खांदा थोपटला.

हे सगळं मी रंगवून सांगत असे. कचेरीत, लग्नात, जिथे चार माणसं भेटतील तिथे. साहेबांचा ब्रेड हा माझा हुकमी विषय झाला होता, आणि माझ्या सांगण्यात सिस्टर कधीच नसायच्या. नुसता ब्रेड असायचा.

मग तो रविवार आला. ब्रेडला थोडा आधार हवा म्हणून साहेबांनी त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालायचं ठरवलं होतं. ज्वारी कोपऱ्यावरच्या मारोतरावांच्या गिरणीतून दळून आणली. चार वाजले. सिस्टरनी काप चहात सोडला. साहेबांनी घड्याळ बघितलं. काप बुडाला, भिजला, आणि सिस्टरनी उचलला तेव्हा सबंध वर आला. त्यातून चहा टपकत होता आणि तो मोडत नव्हता. त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. "पाव," त्या म्हणाल्या. एवढंच.

साहेब उठून उभे राहिले. छाती भरून घेतली आणि भर अंगणात त्यांनी पुकारा केला, "भोकर, हिमायतनगर, इस्लापूरमार्गे किनवटला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे!" आकडा स्वच्छ ऐकू आला. खोकला नाही, काही नाही. मी चार काप खाल्ले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या ब्रेडला मनापासून छान म्हणालो. माझी परीक्षकाची कारकीर्द त्या दिवशी शिखरावर होती.

दुसऱ्या दिवशी रात्र पडायच्या आत सिस्टरना दवाखान्यात न्यावं लागलं. सलाईन, तेच सगळं पुन्हा. साहेबांना काही समजेना. टोस्ट नाही, पाव नाही, मग झालं काय? त्यांना घेऊन मी घरी परतत होतो तेव्हा गिरणीपाशी मारोतरावांनीच आम्हाला हात केला. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, तोंडभर हसू.

"सायेब, बांधला का न्हाई ब्रेड? तुमी म्हणत होता ना, फुटतोय, फुटतोय. म्हणून म्या ज्वारीत दोन वंजळ गहू सोडले. आमच्या घरचे. तुमच्याकून त्याचं काई घेतलं बी न्हाई."

आता काय होतंय म्हणून मी डोळे मिटून घेतले. एवढ्या तेवढ्या कारणाने ड्रायव्हरांच्या सात पिढ्या काढणारा हा माणूस. पण काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर साहेब मारोतरावांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"चांगल्यासाठीच केलं तुमी, मारोतराव. पर आमच्या सुमनला गहू चालत न्हाई. तेवढ्यासाठीच त्यो ब्रेड करून राहिलो मी."

मारोतराव मटकन पोत्यावर बसले. ब्रेड फुटतो हे साहेबांनी त्यांना दहादा सांगितलं होतं. कशासाठी करतो ते सांगायचं राहून गेलं होतं. मीही त्याच गिरणीत उभं राहून इसबगोलाचा किस्सा साग्रसंगीत सांगितला होता, आणि मारोतराव पोट धरून हसले होते.

घरी येईपर्यंत साहेब एवढंच बोलले. "चोरून खात होती तवा तिच्या हातानं खात होती, सायेब. ह्यावेळी म्या खाऊ घातलं." वेगळं आहे, हे तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं.

त्यांनी ओव्हन पुसून खोक्यात घातला आणि खोक्याला सुतळी बांधली. सिस्टर घरी आल्या. रविवार येत होते, चार वाजत होते, आणि दोघं समोरासमोर बसून नुसता चहा पीत होते. फाटकातली हजेरीही बंद पडली. कॉलनीत सगळ्यांना एकच काळजी, की आता सिस्टर पुन्हा टोस्टकडे वळणार. बायको म्हणाली, तुम्ही जाऊन समजवा. म्हणजे पुन्हा सल्ला. यावेळी मी पाय न पसरता, खुर्चीच्या कडेला बसलो. साहेब परसात कपडे वाळत घालत होते.

"सिस्टर, बाहेरचं काही..." मी सुरुवात केली.

"एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "त्यांचा ब्रेड लई वंगाळ असतोय."

"नाही, नाही, वेगळा असतो," माझ्या तोंडून सवयीने गेलं.

त्या हसल्या. "वंगाळच. पर त्यांनी पहिल्यांदा कुकर लावला ना, त्या दिवसापासून गव्हाचा पाव म्या सोताहून तोंडात घातला न्हाई. मन तर रोज होतंय. टोस्टचा पुडा अजून बी कपाटात हाय, लुगड्याखाली. पर सकाळी उठून तो माणूस बिया भाजत उभा राहतोय. बोटं पोळून घेतोय. त्याला गाड्या सोडायचं कळतंय हो, बिया भाजायचं कुठं कळतंय? त्याला तसं बघितल्यावर मला कसा गिळंल टोस्ट?"

मग त्यांनी परसाकडे तोंड करून हाक मारली, "ओ कंट्रोलर! खोकं काहून बांधून ठेवलंय? रविवारची गाडी रद्द केली का काय?"

साहेब दारात आले. एका पायात चप्पल, खांद्यावर ओला टॉवेल. त्यांनी सिस्टरकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. कपाटाविषयी त्यांना काही ऐकू आलं होतं की नाही, ठाऊक नाही.

"रद्द न्हाई," ते म्हणाले. खोक्याची सुतळी सोडायला ते खाली वाकले. "लेट हाय."

मी बाहेर आलो आणि माझ्या भिंतीपाशी जरा वेळ उगाच उभा राहिलो. रडलो म्हणायला हरकत नाही. घरात गेल्यावर बायकोला सांगितलं, की त्यांच्याकडे कांदा चिरत होते.

पुढे सिस्टरच्या तब्येतीसाठी दोघं वैशालीकडे लातूरला राहायला गेले. शेजारची भिंत गप्प झाली. मला वेळेवर निघायचं काही कारण उरलं नाही आणि मी कचेरीत आणखीच उशिरा जाऊ लागलो. गेल्या हिवाळ्यात मेहुण्याच्या घरच्या कार्यासाठी लातूरला गेलो, तेव्हा आठवणीने वेळ काढून त्यांच्याकडे गेलो. पोचलो तर साहेब फाटकातच. पाठीत वाकलेले, कानाला यंत्र, घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला.

"जयभीम, पांचाळ सायेब. तीन म्हणले होते, पावणेचार झाले."

सिस्टर अंगाने चांगल्या भरल्या होत्या. गालांवर मांस आलं होतं. त्यांना तसं बघून मला इतका आनंद झाला की मी तो बोलूनही दाखवला. "सिस्टर, तुम्ही बऱ्या दिसता हो, फार बरं वाटलं." त्या म्हणाल्या, "तुम्ही मात्र वेगळे दिसता."

साहेबांनी मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. आता तिथे गव्हाचा दाणा येत नाही. गिरणी नाही, सगळं घरच्या मिक्सरवर. बरण्यांवर चिठ्ठ्या आणि चटण्या वेगळ्या कपाटात, कुलपात. ओव्हनमधून ब्रेड निघाला होता. वर तीळ आणि कारळं, कापल्यावर आत बदाम, भोपळ्याच्या बिया, शेंगदाण्याचे तुकडे. साहेब माझ्या कानाशी येऊन, त्यांच्या मते हळू, म्हणाले, "टिकतोय आता. तीन रविवार झाले, दर बारीला म्या माझ्या कपात घालून बघतो. तिला अजून दाखवला न्हाई. म्हणलं, परीक्षक येऊ द्या." शेजारच्या गल्लीतसुद्धा ते ऐकू गेलं असणार.

चार वाजले. अंगणात तिघांच्या मध्ये चहा आला. सिस्टरनी काप घेतला, कडेला धरला, चहात सोडला. साहेबांनी मनगट उलटं केलं. सिस्टरनी काप उचलला. सबंध. त्यातून चहा टपकत होता, आणि तो मोडला नाही. त्यांनी तो हवेत धरून सगळ्या बाजूंनी बघितला. साहेबांचा चेहरा मी काय सांगू?

मग सिस्टरनी तो काप पुन्हा चहात सोडला, चमचा उचलला, आणि चमच्याने दाबून दाबून त्याचा चुरा केला.

"आगं!" साहेब जवळजवळ उभेच राहिले. "टिकला होता की!"

"हाव, बघितलं की. लई चांगला झालाय." सिस्टर चमचा चालवतच होत्या. "पर इतके दिवस चमच्यानं खाऊन खाऊन आता असाच ग्वाड लागतोय." मग त्या कपातच बघत म्हणाल्या, "माय असंच द्यायची. इस्लापूरला."

साहेबांनी मनगट सरळ केलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा सायेब. जल्मात पहिल्यांदा गाडी वेळेवर लागली, आन् प्रवासी पायी निघाला."

मी खूप हसलो. माझा काप डाव्या बाजूने चावून संपवला. कसा आहे ते त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, छान आहे, आणि तो खरंच छान होता. पण माझ्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

निघताना फाटकाची कडी लावायला वळलो, तेव्हा दोघं तिथेच बसलेले होते. सिस्टरचा कप संपत आला होता. साहेबांनी आपल्या ताटलीतला काप उचलला, एकदा बोटांनी चाचपून बघितला, आणि मग तो हाताने बारीक कुस्करून तिच्या कपात घातला.